न ओढायची दोरी

निघायच्या आधी बायकोने मिस्त्रीची झडती घेतली. विमानतळावर घेतात तशी नव्हे, तिथे निदान माणसावर थोडाफार विश्वास ठेवतात. हिने बॅग पलंगावर उलटी केली, पँटचे खिसे बाहेर ओढले, आणि दाढीच्या सामानातून एक छोटा स्क्रू ड्रायव्हर दोन बोटांच्या चिमटीत धरून वर काढला. मेलेली पाल उचलावी तसा.

"हे काय?"

"कान कोरायला."

"आणि मोज्यात पाना?"

"तो चुकून आला असेल. बॅगेला सवय आहे."

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यावरचे लोक त्याच्या नावाने खडे फोडायचे आणि हा तळाच्या खड्ड्यात बसून निवांत ग्रीस लावायचा. कामावर ठीक होतं. पण हात कुठेही गेला तरी शिवशिवायचाच. मेव्हणीच्या मुलीच्या लग्नात कार्यालयाची लिफ्ट कण्हायला लागली, आणि मुलीचा मामा... म्हणजे मामा नव्हे, काका... जे काय असेल ते, थेट यंत्राच्या खोलीत गेला तो सगळे जेवून, हात धुऊन, घरी जायला निघाल्यावर बाहेर आला. समुद्रावर गेले तेव्हा हॉटेलच्या मॅनेजरने याला "साहेब, तुम्ही देवासारखे आलात" म्हटलं. झालं. बायको चार दिवस वाळूत एकटी बसली आणि देव शाफ्टमध्ये.

"ऐका," बायको म्हणाली. पाना तिने कपाटात टाकला, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये ठेवली. "ताईचा बायका-बायकांचा ग्रुप आहे. दरवर्षी कुठे ना कुठे जातात. मला किती वर्षं बोलावतायत. या सुट्टीत तुम्ही एक जरी स्क्रू फिरवलात ना, तर यापुढे मी त्यांच्याबरोबर. कायमची. तुम्ही बसा खड्ड्यात."

"अगं, जंगलात काय असणार आहे दुरुस्त करायला? झाडं?"

"तुमचा नेम नाही."

धमकी वरवर साधी होती, पण मिस्त्रीने ती हसण्यावारी नेली नाही. बायको एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभर इकडच्या माणसाला तिकडे जोडून द्यायची. पूर्वी संध्याकाळी घरी आली की चपला काढायच्या आधी सांगायला सुरुवात करायची. एक गृहस्थ रोज फोन करून "माझी बायको आता कशी आहे?" असं विचारायचे, आणि आठवडाभराने कळलं की ती पेशंट नाही, तिथली हेडनर्स आहे, नवऱ्याला फक्त तिचा मूड जाणून घ्यायचा असतो. असलं काय काय. मिस्त्री आनंदाने ऐकायचा. मग हळूहळू ऐकताना हातात एखादी स्प्रिंग आली, मग ब्रेकची पट्टी, मग अख्खं कुलूप. एकदा तिने परीक्षाच घेतली. तशाच सुरात म्हणाली, "आणि मग मी मेले."

"बरं झालं," मिस्त्री स्प्रिंग ताणत म्हणाला.

त्या दिवसापासून तिने सांगणं बंद केलं. भांडण नाही, अबोला नाही. "भाजी कुठली करू" वगैरे चालू. पण गोष्टी बंद. आता तर सुट्टीसुद्धा वेगळी म्हटल्यावर राहिलं काय?

तर अशी ही दोघं डोंगरातल्या जंगलात, भाड्याच्या लाकडी घरात चार दिवस राहायला आली.

मालक वाटेतच उभा होता. डोक्यात लोकरीची टोपी, गाल सफरचंदासारखे लाल, आणि तोंडात एकच शब्द.

"अस्सल," तो दार दाखवत म्हणाला. दार बंद होत नव्हतं. कमरेने ढकलून, वर उचलून, पुन्हा ढकललं की कसंबसं टेकायचं. "जुन्या काळचं अस्सल दार. शहरात मिळणार नाही."

"शहरात बिजागरी मिळते," मिस्त्रीच्या तोंडून निसटलं. बायकोने नुसतं बघितलं. त्याने दोन्ही हात खिशात घातले.

खिडकी चमच्यावर टेकवून उघडी ठेवायची होती. चमचासुद्धा अस्सल. एका खुर्चीवर पाटी होती: 'जंगलातल्याच लाकडाची. डावीकडे झुकून बसावे.' नळ उलटा फिरवला की सुरू आणि सुलटा फिरवला की जास्त सुरू. न्हाणीघर मागच्या अंगाला, तिथे झऱ्याचं पाणी थेट दगडी टाक्यात येत होतं. पाटी: 'नैसर्गिक स्नान.'

"गरम पाणी?" बायकोने विचारलं.

मालकाने असा चेहरा केला की जणू तिने जंगलात एस्कलेटर मागितला. "ताई, लोक लांबून येतात हो या गारव्यासाठी."

आणि चुलीच्या शेजारी, छतातल्या एका भोकातून एक दोरी खाली लोंबत होती. जाडजूड, टोकाला लाकडी मूठ. मूठ वापरून वापरून गुळगुळीत झालेली. तिच्या शेजारी पाटी: 'ही दोरी ओढू नये.'

मिस्त्रीचे खिशातले हात एकदम जागे झाले. त्याचा जन्म दोऱ्यांमध्ये गेला होता. "ही कशाची?"

"तिथे लिहिलंय की."

"ओढू नये लिहिलंय. पण कशाची?"

"न ओढायची," मालक म्हणाला आणि उतारावरून निघून गेला.

दुसरा कुणी असता तर मालकाची पाठ वळताच त्याने ओढली असती आणि गोष्ट इथेच संपली असती. पण लिफ्टवाल्यांचा एक नियम असतो, तो त्यांना पहिल्या दिवशी उस्तादाच्या थपडेबरोबर मिळतो: दोरीचं दुसरं टोक बघितल्याशिवाय हातातलं टोक ओढायचं नाही. पलीकडे काय टांगलंय, कुणाच्या डोक्यावर टांगलंय, काय सांगावं? त्यामुळे मिस्त्री डावीकडे झुकून खुर्चीत बसला आणि दोरीकडे बघत राहिला. बायको बाहेर डोंगर बघत होती. मध्येच आत येऊन विचारायची, "काय करताय?"

"निसर्ग बघतोय."

"निसर्ग इकडे आहे."

सकाळी नैसर्गिक स्नान झालं. बायकोची किंकाळी दरीत जाऊन, पलीकडच्या डोंगराला भेटून परत आली. त्याच वेळी खालून मालक आला, ताजातवाना, टोपी घालून, गाल आणखी लाल, अंगातून हलकी वाफ निघतेय असं वाटण्याइतका प्रसन्न.

"कसं वाटलं?"

बायकोचे दात वाजत होते, म्हणून ती काही बोलली नाही. ते मालकाचं नशीब.

मग ती चुलीजवळ शेकत बसली आणि कधी नव्हे ते तिचं लक्ष दोरीवर गेलं. तिने पाटी वाचली. पुन्हा वाचली. मूठ न हलवता नुसती बोटाने चाचपून पाहिली.

"अहो, ही मूठ इतकी गुळगुळीत झालीये. म्हणजे लोक ओढायचे."

"खूप ओढायचे," मिस्त्री सावधपणे म्हणाला. "वर्षानुवर्षं."

"मग बंद का केली?" तिचे डोळे बारीक झाले. "आमच्या एक्स्चेंजला एक लाइन होती. कुठे जाते कुणालाच माहीत नव्हतं. सगळे म्हणायचे हात लावू नका. मी एकदा कानाला लावली, तर पलीकडे माणूस! तळघरात. औषधांच्या गोदामात. म्हणाला, बाई, किती दिवसांनी कुणी बोललं." ती थांबली. "तार आहे म्हणजे पलीकडे कुणीतरी असतंच."

हे तिने कधी सांगितलं नव्हतं. मिस्त्रीला वाटलं विचारावं, पुढे काय झालं त्या माणसाचं? पण भीती वाटली, तिच्या लक्षात येईल की ती पुन्हा गोष्ट सांगतेय आणि ती थांबेल. म्हणून तो म्हणाला, "बघायचं का, कुठे जाते?"

"दुरुस्ती नाही हं."

"बघणं म्हणजे दुरुस्ती नव्हे."

"हात मागे बांधून चालायचं."

अशी ती दोघं निघाली. पुढे ती, मान वर करून. मागे हा, हात पाठीमागे गुंफून, एखाद्या तत्त्ववेत्त्यासारखा. छताच्या बाहेर दोरीची तार झाली होती. गंजलेली पण दणकट. ती झाडाझाडांवर ठोकलेल्या लोखंडी कप्प्यांवरून घरंगळत उताराला लागली होती.

"घंटा असेल," बायको म्हणाली.

"एवढ्या लांब घंटेला एवढी जाड तार? पाण्याचं दार असेल. पुढे कुठेतरी तळं अडवलेलं. ओढली की सुटलं."

"म्हणजे खालची वस्ती वाहून जाणार?"

"तरीच 'ओढू नये'."

"अगंबाई," ती म्हणाली, आणि जास्तच भराभरा चालायला लागली.

मध्ये झुडपांत तार हरवली. दोघं दोन बाजूंनी शिरली, काटे लागले, बायकोची ओढणी एका फांदीतून सोडवावी लागली, आणि मग तीच ओरडली, "सापडली! इकडे, इकडे वळलीये!" मिस्त्रीने तिला इतक्या मोठ्याने ओरडताना बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. किंकाळी सोडली तर.

चालता चालता ती विचारत होती. कप्पीला खाच का असते? लिफ्टची दोरी तुटली तर खरंच सगळे मरतात का? तो सांगत होता, नाही गं, एक नसते, पुष्कळ असतात, आणि शिवाय खाली पकड असते, ती दात लावते रुळाला. "दात लावते?" ती हसली. "म्हणजे तुमच्या आईसारखी." एवढी वर्षं संसार झाला, पण लिफ्ट कशी पडत नाही हे तिने कधी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. तो फक्त दुरुस्त करून यायचा.

एका मोठ्या झाडापाशी तार थांबली. म्हणजे पुढे जात होतीच, पण वरच्या बाजूने ढिली, खालच्या बाजूने ताठ. मिस्त्री कप्पीखाली उभा राहिला, मान तिरकी केली, आणि कप्पीच्या खाचेत नजर घातली.

"काय झालं?"

"हे आपोआप अडकलेलं नाही. कुणीतरी पाचर मारलीये."

"मुद्दाम?"

"लाकूड तासून, नीट बसवून. मापात."

बायको कप्पीकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे. मग पुन्हा कप्पीकडे. "काढा ना," ती म्हणाली.

मिस्त्रीने हात मागे अधिक घट्ट धरले. "नाही."

"अहो, एवढंसं लाकूड."

"मी शब्द दिलाय. ते यंत्र आहे. मी हात लावला की तू ताईबरोबर."

"मी म्हणतेय ना!"

"आज म्हणशील. पुढच्या वर्षी विषय काढशील."

हे मात्र खरं होतं आणि तिला ते माहीत होतं. तिने ओठ चावला. पायाने पाचोळा उडवला. पलीकडे कोण आहे, कशासाठी आहे, कुणी बंद केलं, का केलं... ऑपरेटर बाईला अर्धी लाइन सोडून जाता येत नाही हो. अखेर तिने पदर... म्हणजे ओढणी कमरेला बांधली.

"मी काढते. तुम्ही नुसतं सांगा."

"उंच आहे."

"वाका."

"शिडी म्हणजे दुरुस्तीचं सामान—"

"शिडी सामान असते. तुम्ही नवरा आहात. वाका."

मिस्त्री झाडाला डोकं टेकून वाकला. बायको त्याच्या पाठीवर चढली. बाजूने कुणी आलं असतं तर त्याला काय वाटलं असतं, हे ज्याचं त्याने ठरवावं. तिने एक दगड घेतला होता आणि केसांतली मोठी पिन काढली होती.

"पिन आत घाल. खालून. आता दगडाने हळूच ठोक. हळूच!"

"हळूच ठोकतेय."

"मग माझी पाठ का हादरतेय?"

"गप्प बसा, हलतेय. अहो, हलतेय! थोडं तेलकट लागतंय बोटाला. आता?"

"आता डावीकडून—"

आणि तेव्हा, डोकं झाडाला टेकलेलं असताना, मिस्त्रीला आपला नियम आठवला. खालची बाजू ताठ. म्हणजे पलीकडे वजन आहे. वजन पाचरीवर तोललंय. आणि आपण दुसरं टोक अजून बघितलेलंच नाही. पहिल्या दिवशीच्या पोराने करू नये अशी चूक, आणि ती आपण पाठीवर बायको घेऊन करतोय.

"थांब! काढू नकोस!"

"निघाली!" ती आनंदाने म्हणाली.

कप्पीतून तार अशी सुटली की शिट्टी वाजली. वर, त्यांच्या घराच्या दिशेने, मूठ छताच्या भोकावर आपटल्याचा टणकन आवाज आला. मग खाली, झाडांच्या पलीकडे, असा काही खणखणाट झाला की जंगलातले सगळे पक्षी एकदम राजीनामा देऊन उडाले. कुणीतरी भांड्यांचं अख्खं दुकान कड्यावरून लोटावं तसं. खणखणाट थांबला. आणि मग एका माणसाची लांबलचक आरोळी.

मिस्त्री कोसळला, त्याच्यावर बायको. "पाण्याचं दार," ती पांढरीफटक पडून म्हणाली. "वाहून गेला कुणीतरी." आणि दोघं उताराने धावत सुटली.

झाडी संपली तिथे मालकाचं घर होतं. मागच्या अंगणात, छप्पराखाली, पाणी तापवायचा मोठा बंब धडधडत होता. बंबाशेजारी लाकडी पिंप. पिंपात गळ्यापर्यंत गरम पाणी. पाण्यात मालक. डोक्यावर लोकरीची टोपी, टोपीवर एक पत्र्याचा डबा, आणि आजूबाजूला, पाण्यात, जमिनीवर, बंबावर, जिकडे तिकडे डबे, बरण्यांची झाकणं, एक जुनी बादली. सगळं एका तारेत ओवलेलं, आणि तारेच्या टोकाला दगडांनी भरलेली पिशवी.

"कुणी ओढली?" मालक किंचाळला.

"ओढली नाही," मिस्त्री धापा टाकत म्हणाला. "पाटी वाचली होती आम्ही."

बायको मात्र बंबाकडे बघत होती. मग वाफेकडे. मग मालकाच्या लाल गालांकडे. मिस्त्रीला ती नजर चांगली ओळखीची होती. पहिल्यांदाच ती दुसऱ्या कुणावर पडताना बघून त्याला बरं वाटलं.

"हे गरम पाणी," ती हळूच म्हणाली.

"माझं वैयक्तिक आहे."

"ही दोरी कशासाठी होती?"

मालक पाण्यात थोडा खाली गेला. नाकापर्यंत. पण माणूस पिंपात फार काळ गप्प बसू शकत नाही. "गरम पाणी मागवायला," त्याने कबूल केलं. "वडिलांच्या काळी. वरून ओढायचे, इथे डबे वाजायचे, आम्ही बादल्या घेऊन चढायचो. पण लोक ऐकतात का हो? एकदा वाजवली, पाणी पाहिजे. परत वाजवली, चहा पाहिजे. परत वाजवली, का? तर म्हणे, वाजते का बघत होतो! माझे गुडघे गेले. मग मारली पाचर."

"आणि थंड पाण्याला 'नैसर्गिक स्नान' नाव दिलंत."

"लोकांना आवडलं ना पण! तुमच्या आधीचे तर म्हणाले, आयुष्य बदललं."

"त्यांना ताप आला असेल," बायको म्हणाली.

मालकाने डबा टोपीवरून उतरवला, सगळ्या पसाऱ्याकडे पाहिलं, आणि बंबाकडे वळलेल्या मिस्त्रीच्या पाठीमागे बांधलेल्या हातांकडे त्याचं लक्ष गेलं. नखांतलं जुनं ग्रीस असं लपत नाही. "तुम्ही यातले दिसता," तो गोड आवाजात म्हणाला. "एवढं परत टांगून द्या ना. ती पेटी बघा तिथे, आजोबांची हत्यारं. आणि वरचं दार, ती खिडकी, सगळं तुमच्या हवाली. करा मनासारखं."

पेटी उघडीच होती. लाकडी मुठींचे पाने, हाताने घडवलेले, तेल लावून ठेवलेले. छोटा रंधा. असला पाना मिस्त्रीने फक्त उस्तादाच्या उस्तादाकडे पाहिला होता. त्याचं मागे बांधलेलं एक बोट सुटलं. मग दुसरं.

त्याने बायकोकडे पाहिलं. ती "नको" म्हणाली असती तर सोपं होतं. "करा" म्हणाली असती तर त्याहून सोपं. पण ती आपले काळे झालेले तळवे उलटेसुलटे करून बघत होती, जणू ते कुणा दुसऱ्याचे आहेत.

"नाही जमणार," मिस्त्री म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडाला नवे होते, त्यामुळे नीट बसले नाहीत. "मी सुट्टीवर आहे."

"अहो, पण एवढं पसरलंय—"

"पसरलेलं राहू दे. आणि बंबात राहिलेलं पाणी वर पाठवा. दोन बादल्या. आज दोरी ओढली असं समजा."

दोघं चढायला लागली. बायको पुढे, मागे न बघता. मिस्त्रीला धाकधूक वाटत होती. हात लावला नाही हे खरं, पण पाचर आपण सांगून काढवली. यात धरलं तर? ताईच्या ग्रुपमध्ये जागा तर कायम असतेच.

"ऐक ना," तो म्हणाला. "ती पाचर सुटली तेव्हा काय झालं? म्हणजे मला काही दिसलंच नाही. डोकं झाडाला होतं."

ती थांबली. वळली. "खरंच दिसलं नाही?"

"फक्त साल दिसत होती झाडाची. एक मुंगळा होता."

"अहो, ती हातात थरथरली! आधी वाटलं माझाच हात कापतोय. मग कळलं तार कापतेय. पलीकडून कुणीतरी ओढून धरल्यासारखी. आणि मी इतकी... थांबा. बसा आधी. असं चढता चढता सांगण्यासारखं नाही हे."

तो वाटेतल्या दगडावर बसला, हात गुडघ्यांवर ठेवून. ती समोर उभी राहिली, काळे हात हवेत नाचवत, आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली, ती दोघं घरातून निघाली तिथपासून. मिस्त्री ऐकत होता. मध्येच त्याने विचारलं, "आणि तो तळघरातला माणूस? औषधांच्या गोदामातला?" तर ती म्हणाली, "तो वेगळाच किस्सा आहे, त्याचं पुढे लग्न झालं, ते नंतर."

खालून मालक हाका मारत होता. टॉवेल डब्यांच्या तारेबरोबर उडून झाडावर अडकला होता, कुणीतरी येऊन काढून द्या म्हणत होता. पण ती आता ऐन रंगात आली होती.